मला हे काम करताना खूप आनंद झाला

हे वाक्य मी एका शनिवारी दुपारी डाव्या हाताने इतक्या वेळा लिहिलं, की शेवटी त्यातला एकही शब्द मला ओळखू येईना.

डाव्या हाताने का, ते सांगतो. आमच्या खात्यातली ही जुनी कला आहे. तपासणी तोंडावर आली आणि मुलांच्या वह्या-फायलींमध्ये काही भरायचं राहिलेलं असलं, की शिक्षक पेन डाव्या हातात घेतो. अक्षर आपोआप पाचवीतलं येतं. तुझं उजव्या हाताचंही पाचवीतलंच आहे, उगाच कशाला कष्ट घेतोस, असं आमची ही म्हणायची. ती त्या वर्षी श्रावणात गेली.

ती गेल्यावर मला खूप दुःख होणार असं सगळे म्हणत होते, म्हणून मी वाट बघत होतो. ते काही आलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल असतो आपलाच, पण दुसऱ्या कोणाचा तरी लावल्यासारखा वाटतो. तसं होतं. बाकी सगळं सुरळीत चाललं होतं. मी कशेळीहून स्कूटर काढायचो, कंटेनरांच्या मधून वाट काढत शाळेत पोचायचो, शिकवायचो, परत यायचो. एकदा आठवडाभर पाचवीला चौथीचा धडा शिकवला. मुलांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण धडा सोपा होता म्हणून कोणी बोललं नाही.

शाळा मानकोली नाक्यावरून आत. भाताची खाचरं होती तिथे गोदामं उभी राहिली आणि त्यांच्या बेचक्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा उरली, पाचवीपर्यंतची. शिक्षक दोनच, मी आणि मुख्याध्यापिका बाई. मुलं निम्मी गावातल्या शेतकऱ्यांची, ज्यांचे बाप आता गोदामात ड्युटीला जातात, आणि निम्मी वरच्या पाड्यावरच्या आदिवासींची.

पोर्टफोलिओचं प्रशिक्षण केंद्रशाळेत झालं. शिकवायला आलेल्या ताई तरुण होत्या आणि मनापासून सांगत होत्या. मुलाने वर्षभर जे काम केलं, चित्र, गोष्ट, गणित, काहीही, त्यातलं त्याला जे ठेवावंसं वाटेल ते त्याने एका फाईलमध्ये ठेवायचं. शिक्षकाने लाल पेन लावायचं नाही. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी एक चौकट असेल: ‘हे काम करताना मला काय वाटले?’ ती मुलाने स्वतः भरायची. परीक्षेत मूल एका दिवसात काय विसरलं ते दिसतं, फाईलमध्ये वर्षभरात काय शिकलं ते दिसतं, असं ताई म्हणाल्या. मला हे अगदी पटलं. इतकं पटलं की मी हात वर केला.

“बोला सर.”

“फाईल कोणत्या रंगाची घ्यायची?”

सगळे हसले. ताई म्हणाल्या, “सर, रंगाचं काय, आपण मूल्यमापनाबद्दल बोलतोय.”

“ते कळलं ताई. पण रंग?”

खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला माहीत असतं की तपासणीत शेवटी रंगच विचारतात. पण ताईंनी उत्तर दिलं नाही. मग मी धामणकर नाक्यावरून मिळतील त्या रंगांच्या प्लास्टिकच्या फायली आणल्या आणि शेजारच्या गोदामातून एक पुठ्ठ्याचा मोठा खोका मागून आणला. त्यावर ‘ही बाजू वर’ असं इंग्रजीत छापून बाण काढला होता. मी तो उलटा ठेवला. वर्षभर तो बाण जमिनीकडे बोट दाखवत होता आणि वर्षभर बाई तो सरळ करू म्हणत होत्या.

मुलं लिहायला लागली. लाल पेन नाही म्हटल्यावर ज्यांची पाटी कायम कोरी असायची त्यांनीही कागद भरले. फक्त ती तळाची चौकट मी कोणालाच भरायला सांगितली नाही. विसरलो, असं मी नंतर बाईंना सांगितलं. विसरलो नव्हतो. त्या दिवसांत मला तो प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारत होतं. भाजीवाली विचारायची, सोसायटीचा वॉचमन विचारायचा, मेव्हणा फोनवर विचारायचा, “कसं वाटतंय आता?” मी म्हणायचो, “बरं.” मग तोच प्रश्न उभ्या वर्गाला विचारायचं माझ्याच्याने होईना.

पाचवीत पाड्यावरची एक मुलगी होती. तोंडी विचारलं की धडाधड बोलायची, कागद समोर ठेवला की तिचा दगड व्हायचा. दिवाळी झाली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जायचे. भट्टी काही लांब नव्हती, पण हायवेच्या पलीकडे होती आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला हीच लागायची, त्यामुळे शिमग्यापर्यंत शाळेचं नाव नाही. त्या वर्षी निघायच्या आधी मी तिला तिची फाईल आणि कोरे कागद दिले.

“काय लिवू?”

“जे होईल ते. काहीही.”

“चुकला त?”

“चुकलं तरी लाल पेन नाही.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

“कोनाची?”

मी सवयीने एक शपथ घेणार होतो, ती तोंडातच राहिली. म्हटलं, “खडूची.”

तिला ते चाललं. शिमगा झाल्यावर ती परत आली. फाईल जाडजूड झाली होती आणि कागदांवर विटांच्या मातीची बोटं उमटली होती. “वा, जाड आहे,” असं मी म्हणालो आणि फाईल खोक्यात टाकली. पोर्टफोलिओचं हे मूल्यमापन मी केलं. वजनावर.

वार्षिक परीक्षेत तिच्या पेपरवर नाव होतं, हजेरी क्रमांक होता आणि खाली जवळजवळ काही नव्हतं. पाचवीला आता नापास करता येतं. पेपर तपासून झाले त्या दिवशी तिची आई शाळेच्या पायरीवर येऊन बसली.

“गुरुजी, पोरीचा काय?”

“अवघड दिसतंय.”

“पास झाली त वस्तीच्या शालंत घालू, ऱ्हायाला तिथंच. मोठी भयीन हाय ना तिची तिथं, तिच्यासंगं राहील. न्हाय झाली त मंग आमच्यासंगंच भट्टीवर. बारकीला कोन बघंल?”

“पुन्हा परीक्षा घेतात जूनमध्ये.”

“जूनमध्ये परत कागदच देताल ना?” आई म्हणाली.

मी केंद्रप्रमुखांना फोन लावला. आमच्या भागातल्या शाळांवर त्यांची नजर असते, निकालावर त्यांची सही लागते. माणूस सरळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लेखीत गेली. मग वर्षभराच्या कामाचे गुण बघावे लागतील. फाईल आहे म्हणता ना? सोमवारी येतो. फाईल तिची असेल तर सही करतो. तुमची असेल तर करणार नाही.”

“तिचीच आहे, साहेब,” मी म्हणालो. खरंच तिची होती. शनिवार दुपारपर्यंत.

शनिवारी बाईंनी खोका उघडला. एक फाईल चाळली, दुसरी चाळली, मग माझ्याकडे बघितलं.

“सर, खालच्या चौकटी?”

“राहिल्यात.”

“कोणाच्या?”

“सगळ्यांच्या.”

परीक्षा संपली होती, मुलं यायची बंद झाली होती, त्यांना गोळा करायला वेळ नव्हता. त्या वर्षी बाई मला काही म्हणत नसत, हेही एक होतंच. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “घ्या मग डावा हात. मी कव्हरं करते. काहीतरी छान लिहा.”

पहिल्या फाईलला मी लिहिलं, मला हे काम करताना खूप आनंद झाला. दुसऱ्या फाईलला वेगळं काही लिहावं म्हणून पेन टेकवून बसलो. काही सुचेना. माणसाला काम करताना आणखी काय काय वाटू शकतं ते मला आठवेना. आनंद तेवढा पाठ होता. मग मी तेच लिहीत गेलो. वर काय आहे ते बघायची गरज नव्हती, चौकट दर कागदावर त्याच जागी होती. ऊन खिडकीतून बाकावर आलं, बाकावरून भिंतीवर गेलं. मला बरं वाटत होतं म्हणा की काही वाटत नव्हतं म्हणा, त्या वर्षी ते एकच होतं.

सोमवारी साहेब आले. मी त्या मुलीला आणि तिच्या आईला आधीच बोलावून ठेवलं होतं, त्या बाहेर पायरीवर बसल्या. साहेबांनी पाणी घेतलं, खोक्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

“फायली वेगवेगळ्या रंगांच्या का?”

मी बाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. हा त्या दिवशीचा माझा शेवटचा विजय.

त्यांनी वरच्या काही फायली उघडल्या. एका मुलाने जेसीबीचं चित्र काढलं होतं. खाली आनंद. एकाने गुणाकार केले होते, सगळेच्या सगळे चुकलेले. खाली आनंद.

“याला सगळे गुणाकार चुकल्याचा आनंद झाला?”

“मनमोकळा मुलगा आहे, साहेब.”

पुढची फाईल. त्यातला एक कागद साहेबांनी काढला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

“हे काय आहे?”

“कोरा कागद दिसतोय, साहेब.”

“मलाही तेच दिसतंय. पण खाली खूप आनंद झालाय.”

बाईंना खोकला आला आणि त्या पाणी प्यायला उठल्या. साहेब चिडले नाहीत. त्यांनी कागद जागच्या जागी ठेवला. “डावा हात बरा चालतो तुमचा, गुरुजी. मी वर्गावर होतो तेव्हा माझा याहून बरा चालायचा. निदान मी वाचून लिहायचो.” आणि त्यांनी तिची फाईल घेतली.

ते वाचत होते आणि मी त्यांचा चेहरा वाचत होतो. एका कागदाशी ते थांबले. बाहेर गोदामाच्या फाटकाशी एक कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याचं टूं टूं चाललं होतं. ते थांबेपर्यंत साहेब थांबले आणि मग त्यांनी मोठ्याने वाचलं.

“‘भट्टीवर आमची शेली व्हती. ती मी पालली. तिचा एक कान फाटका व्हता. दुपारी ती रोडला गेली. कंटेनर आला. शेली खाली गेली. डायवर उतरला आनि बोल्ला बांधके रखो ना. मंग तो गेला. बाबा बोल्ला फुकट नको घालवू. संध्याकाली मटन केला. मना दोन तुकडे भेटले. बारकी बोल्ली आजून पायजे. मी माजा दिला.’”

मग त्यांनी त्याच आवाजात खालची चौकट वाचली. “‘मला हे काम करताना खूप आनंद झाला.’”

मला लाज वाटायला हवी होती. ती कुठेतरी आत गेल्याचं कळत होतं, दाढेत सुई जाते तशी. दुखत नव्हतं.

“हे वाचलं होतंत?”

“नाही.”

“चौकटीत लिहिताना तरी?”

“तेव्हाही नाही.”

साहेबांनी फाईल मिटली. “मग मी काय करू ते सांगा. खालचं तुमचं आहे हे मला कळतंय. वरचं तुमचं नाही हे मी कशावरून धरू? मूल पास व्हावं म्हणून शेळ्या मारणारे शिक्षकही मी पाहिलेत. म्हणजे कागदावर.”

ही गोष्ट मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट कळली. तिच्या हातात एकच खरी वस्तू होती आणि मी तिच्यावर खोट्याचा शिक्का मारला होता. अख्ख्या फाईलभर.

बाई परत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, पोरगी बाहेरच बसली आहे. तिलाच विचारा ना.”

ती आत आली. आई दाराशी उभी राहिली, आत येऊ की नको अशी. साहेबांनी कागद मुलीसमोर ठेवला.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“सगळं?”

तिने खालच्या चौकटीवर बोट ठेवून एकेक शब्द लावून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“ह्या सरांनी.”

“कशावरून?”

“मना आनंद झालाच न्हाय. सरांना झाला आसंल.”

“गप गं,” आई दारातून म्हणाली. “गुरुजींना आसा बोलतेत? साहेब, पोरगी येडी हाय, तुमी नका मनावर घेव.”

“बोलू द्या तिला.” साहेबांनी खिशातलं पेन काढून मुलीपुढे केलं. “मग तुला काय वाटलं ते तू लिही. इथे, खाली. मी बघतो.”

आणि झालं. कागद समोर, पेन समोर, बघणारा समोर. तिचा दगड झाला. मी तो दगड वर्षानुवर्षं पाहिलेला होता. तिची मान खाली गेली, बोटं फ्रॉकच्या कडेत शिरली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण आता बघणार हे दिसत होतं. आईच्या तोंडून एक बारीक आवाज आला. तिला माहीत होतं हे कुठे जातं. सरळ भट्टीवर.

मी बाकाजवळ गेलो. मला फार काही सुचलं नाही, जे होतं तेच म्हणालो.

“लाल पेन नाही.”

ती हलली नाही. थोड्या वेळाने खालच्या मानेनेच म्हणाली, “साहेबांकडं पन?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवा असं खुणावलं. त्यांनी मान हलवली.

“त्यांच्याकडे पण नाही.”

“शप्पथ?”

“खडूची.”

तिने पेन घेतलं. आधी माझ्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली, अगदी मास्तर मारतात तशी, पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत. मग उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं आणि कागद साहेबांकडे सरकवला.

लिवताना काय वाटला न्हाय. लिवून झाल्यावर भूक लागली.

साहेबांनी वाचलं. बाईंना दिलं. बाईंनी मला दिलं.

“हे तुम्हाला सुचलं नसतं, गुरुजी,” साहेब म्हणाले.

“नाही सुचलं, साहेब.”

सुचलं नव्हतं हे खरं. झालं मात्र होतं. श्रावणात स्मशानातून घरी आलो, आंघोळ केली, शेजारणीने पिठलं-भात आणला होता. मी जेवलो आणि परत वाढून घेतलं. मेव्हणा समोर बसून बघत होता. पिठलं चांगलं झालं होतं हेसुद्धा मला कळत होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी ‘कसं वाटतंय’ विचारल्यावर याचं उत्तर ‘भूक लागली होती’ असं देता येतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि एवढं समजल्यावर डोळे भरून आले असं लिहायला मला आवडलं असतं. आले नाहीत. मी तो कागद फाईलमध्ये लावला आणि फाईलचं बटण दाबलं.

साहेबांनी सही केली. आई दारातच खाली बसली. जाताना साहेब मला म्हणाले, “बाकीच्या चौकटी मुलांकडून भरून घ्या. आणि तो खोका सरळ करा हो, बाण उलटा आहे.”

बाईंनी त्यावर जे हसू दाबलं ते मी बघितलं.

मग मी गावात आणि पाड्यावर फिरून मुलं गोळा केली. माझ्या आनंदावर रेघ मारायला मिळते म्हटल्यावर कोणाला दोनदा बोलवावं लागलं नाही. गुणाकारवाल्याने लिहिलं की बेरीज करायची का गुणाकार ते शेवटपर्यंत समजलं नाही, पण थांबायला भीती वाटली. जेसीबीवाल्याने लिहिलं की पिवळा रंग संपला तेव्हा भावाला मारलं. कोरा कागद ज्याच्या फाईलमध्ये होता त्याने तो बराच वेळ पाहिला आणि खाली लिहिलं, हा माझा नाही.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं, निकाल वाटले. पाड्यावरची ती मुलगी बहिणीला कडेवर घेऊन आली होती. बारकी एका हाताने तिचा कान धरून होती. मी निकालपत्र तिच्या हातात दिलं.

“पास.”

“व्हय.”

“आता वस्तीच्या शाळेत जाशील. मोठीजवळ.”

“आय जानार हाय सोडायला.”

“बारकीचं काय?”

“ती भट्टीवर. आत्या येनार हाय तिला बघायला.”

बारकीने निकालपत्र तोंडात घालायचा प्रयत्न केला, तिने ते सवयीने दुसऱ्या हातात घेतलं. त्या वर्षात मी कोणालाही न विचारलेला प्रश्न मग माझ्या तोंडून निसटला.

“कसं वाटतंय?”

ती थांबली. माझ्या हाताकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. कागद कुठे दिसत नव्हता.

“लिवाया लागंल?”

“नाही. नको.”

“मंग बरा हाय,” ती म्हणाली, आणि बारकीला दुसऱ्या कडेवर घेऊन फाटकाकडे चालू लागली.